थांब आणि थाम

हातोडीकाका भेटले की आधी खिशातल्या रबरी हातोडीने आमचा गुडघा ठोकत आणि मग "कशी आहेस?" विचारत. लखनौच्या मेडिकल कॉलेजात ते शिकवत आणि आमच्या शेजारी राहत. पाय टुणकन उडाला की त्यांचा चेहरा खुले. "बघ, मेंदूला विचारलंसुद्धा नाही! मज्जारज्जूनेच परस्पर हुकूम सोडला. चटका बसला की हात आधी मागे येतो, मोठ्या साहेबांना मागाहून कळतं." रेल्वेत इंजिनिअर असलेले माझे बाबा म्हणत, "आमच्या खात्यात असं केलं तर मेमो मिळेल."

काका बाहेर दिवसभर अस्सल लखनवी हिंदी बोलत, पण घाबरले की तोंडून मराठीच निघे. हज़रतगंजात सायकलरिक्षा कलंडायला आली की "अगं आई गं!" आम्ही यथेच्छ चिडवायचो.

त्या दिवशी जुन्या लखनौतल्या चौक भागातल्या नसीमआपा, चिकनचं भरतकाम करणाऱ्या, काकूंचे कुर्ते द्यायला आल्या होत्या. काकू आत कुर्ता घालून बघत होत्या आणि गॅसवरचं दूध उतू जायला लागलं. आपा धावल्या, त्यांनी नुसत्याच हातांनी पातेलं धरलं. चटक्याने हात मागे येत होते, तेवढ्यात काका किंचाळले, "थांब! थांब!" आपांनी ऐकलं 'थाम', म्हणजे हिंदीत धरून ठेव. डॉक्टरसाहेबांचा शब्द! त्यांनी पातेलं पुन्हा घट्ट धरलं आणि ओट्यावर नीट टेकवूनच सोडलं. मी दारातच उभी होते.

पट्टी बांधताना काकांनी शब्दाचा खरा अर्थ सांगितला. आपा ओशाळल्या. "अच्छा, रुकने को कहा था? ग़लती हमारी है साहब, इतने बरस में आपकी ज़बान न सीखी." या माफीने काका पार खचले. "तिचं शरीर तिला 'सोड' सांगत होतं गं," ते मला म्हणाले. "मी मध्ये पडलो." कॉलेजात प्रतिक्षिप्त क्रियेचा हा धडा त्यांनी दुसऱ्याकडे सोपवला. वाईट म्हणजे कुणी त्यांना दोष देईना, आणि त्यांना तोच हवा होता.

निवृत्तीनंतर नाशिकला जाण्याआधी ते आपांचा निरोप घ्यायला गेले. मी सोबत होते. उजवा हात बरा झाला होता. डाव्या हातात कापड धरून आपा टाके घालत, मलिहाबादच्या दशहरी आंब्यांचं काय झालं ते सांगत होत्या. बोलता बोलता सुई डाव्या बोटात रुतली. पांढऱ्या मलमलीवर लाल ठिपका उमटला. आपांना पत्ताच नाही, त्या बोलतच राहिल्या.

हात झटकन मागे घेतला तो काकांनी.