हाम्योलकरणीचा रांजण

नाव तिचं पिलरे, पण माहेर हाम्योलचं म्हणून अख्खा गाव तिला हाम्योलकरीणच म्हणे. स्वभाव आंबट. ऊन पडलं की म्हणायची, "आता दुपारी झोडपणार बघा." नाही आला पाऊस, तर "दुष्काळाची लक्षणं!" आयुष्यात तिनं कुणाला "होईल सगळं चांगलं" असं म्हटल्याचं कुणी ऐकलं नाही.

हिवाळ्याच्या तोंडाशी शिजवून कुटलेल्या सोयाबीनच्या ढेपी आंबायला वाशाला टांगताना ती स्टुलावरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले, चाला. ही मात्र भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

"कशाला चालू? कुठं जायचंय मला?"

धाकटी जाऊ मालसुन रोज यायची. वृद्धांच्या मंडळात हसण्याचा वर्ग चाले, तिथून ही ताजी विद्या घेऊन. "हसल्यानं माणूस बरं होतं, जाऊबाई! म्हणा, हा हा हा!"

"कोण मेलंय गं, एवढा आनंद व्हायला?"

मुलगा थेसोक अखेर शहरातल्या वृद्धाश्रमात खाट सांगून आला. नववर्षाच्या सणाचे दिवस सरले की आईला न्यायचं. जिच्या जिभेला हाड नाही ती बाई ते ऐकून गप्प बसली, तेव्हापासून सून मिग्यॉंग तिच्या खोलीचं दार उघडंच ठेवू लागली.

घर आवरताना तिनं विचारलं, "आई, या ढेपी टाकून देऊ?" सासूनं पांघरूण डोक्यावरून ओढलं. पोरगी वाढली फ्लॅटमध्ये, पण टाकायचा धीर तिलाही होईना. ढेपी मिठाच्या पाण्यात मुरवून खार करायला पंचांगातला घोड्याचा दिवस शुभ, एवढं तिला ठाऊक होतं. त्या सकाळी तिनं परसातल्या ओट्यावरचा एक रांजण धुतला, मिठाचं पाणी कालवलं आणि सासू करायची तसं त्यात अंडं सोडलं. अंडं थेट तळाला गेलं.

"बुडालं!" मालसुन खिदळली.

खोलीचं दार उघडंच होतं. "मीठ कमी पडलंय!" आतून आवाज आला. कितीतरी दिवसांनी आला होता.

"घालते, आई. मूठभर पुरे ना?"

"मूठभर! वाटोळं कर! अळ्या पडतील त्यात! वसंतात तो खार जुन्या रांजणात ओतायचाय, कळतंय का तुला?"

जुना रांजण हाम्योलकरणीच्या सासूच्या सासूचा. त्यातला काळा खार कधी संपला नाही, कारण दर वर्षी कुणीतरी नवा ओतत आलं होतं. एक वर्ष चुकलं तरी तो आटायला लागतो. उद्या ही वृद्धाश्रमात गेली, तर कोण ओतणार होतं?

आत काहीतरी खडखडलं. दारात आधी जुनी बाबागाडी दिसली, मग तिच्या दांडीला धरून उभी असलेली हाम्योलकरीण. चेहरा पांढराफटक, पण पाय जमिनीवर.

थेसोक धावला. "आई, पडशील!"

"पडले तर रांजणात पडेन, मुरेन तरी! सर बाजूला!"

रांजणांच्या ओट्याला दोन दगडी पायऱ्या. गाडी तिथं सोडावी लागली. पहिली ती चढली सुनेच्या खांद्याला धरून, दुसरी शिव्यांच्या जोरावर. मग अंदाजानं मीठ ओतत, ढवळत राहिली. अंडं हललं, वर आलं आणि नाण्याएवढी टाळू पाण्याबाहेर काढून तरंगत राहिलं. ढेपी आत गेल्या, वर, खार नासू नये म्हणून, लाल मिरच्या आणि निखारा पडला. निखारा चुर्रकन विझला तेव्हा मालसुन हसायचंच विसरली. डोळे पुसत होती.

"रडतेस काय? खारट व्हायचं ते झालंय."

थेसोकनं तिथंच उभं राहून वृद्धाश्रमाला फोन लावला. "आई येत नाही," म्हणाला, आणि तेच पुन्हा एकदा मोठ्यानं म्हणाला.

वसंतात नवा खार जुन्या रांजणात पडला, उरलेला आपल्या रांजणात मुरत राहिला. पुढच्याच आठवड्यात आरोग्य केंद्रातली बाई आली, म्हाताऱ्यांची विचारपूस करायला. हाम्योलकरीण ओट्यावर रांजण पुसत होती.

"आजी, तुम्ही आनंदी आहात का?"

"कंबर दुखते. सून आळशी आहे."

"पुढच्या दिवसांबद्दल आशा वाटते?"

"या वयात कसली डोंबलाची आशा!"

बाईनं वाईट वाटून मान हलवली. तेवढ्यात हाम्योलकरणीनं नव्या खाराच्या रांजणाचं जड झाकण तिच्या हातात दिलं.

"नीट धर. हा यंदाचा. तीन वर्षं मुरायला हवा, तेव्हा कुठं तोंडात घालण्यासारखा होईल. तेव्हा ये, देईन तुला. आणि बाटली तुझी तू आण, मी देत बसणार नाही."