वाचलेलं समजेस्तोवर

मेंढे बाई गेल्याचा त्यांच्या सुनेचा फोन आला, तेव्हा मी वरठीला आमच्या घरी कणीक मळत होते. ती रडत होती आणि माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की आता माझ्या प्रज्ञाचं कसं होणार? दीड महिना झाला, त्या विचाराची लाज अजून गेलेली नाही.

प्रज्ञा चौथीत असताना धडा असा घडाघडा वाचायची की पाहुणे कौतुक करायचे. पण "यात काय झालं गं?" असं विचारलं की नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहायची... शाळेत म्हणाले, लक्ष नसतं. भंडाऱ्याला डोळे तपासले, ते ठणठणीत निघाले. शिकवणीत उत्तरं पाठ करून घेतली, पण प्रश्न जरा फिरवून आला की कागद कोरा. एका संध्याकाळी मी तिला थापड मारली. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "आई, मी वाचलं तं बरोबर ना?"

त्याच सुमारास लाखनीला एका नामकरणात मेंढे बाई भेटल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, माझ्या आईच्या ओळखीच्या. माझं रडगाणं त्यांनी ऐकून घेतलं आणि पोरीला घरी बोलावलं. घरापुढच्या छपरीत बसवून तिच्याकडून एकच वाक्य वाचून घेतलं : 'सखूने धानाची पेंढी धुऱ्यावर ठेवली आणि ती घरी गेली.'

"पेंढी कुठं आहे?"

"घरी."

बाई रागावल्या नाहीत. खडूने जमिनीवर रेघ ओढून म्हणाल्या, "हा शेताचा धुरा, म्हणजे बांध." टॉवेल गुंडाळून तिच्या हातात दिला. "ही पेंढी. आता तू सखू." प्रज्ञाने टॉवेल रेघेवर ठेवला, दारापर्यंत गेली, मागे वळली आणि ओरडलीच, "पेंढी तं इथंच राहिली!"

"पोरगी आळशी नाही सुनंदा," बाई मला म्हणाल्या. "सारी ताकद अक्षरं म्हणण्यातच जाऊन राहिली. मी काही डॉक्टर नव्हे, तू नागपूरले दाखवून ये. पण तवरक दर रविवारी माझ्याकडं आण."

नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, अडचण खरी आहे, वेळ लागेल, बाईंचं काम थांबवू नका. आम्ही ते वर्षभर थांबवलं नाही. वरठीहून भंडारा, तिथून बस पकडून दर रविवारी लाखनी. एकेक वाक्य वाचायचं, करून बघायचं, आपल्या शब्दांत सांगायचं. परीक्षा जवळ आली की मी घाई करायची आणि बाई मला अंगणात पिटाळायच्या.

थंडीत त्यांना खोकला लागला. "साधा आहे व," म्हणायच्या. तो साधा नव्हता, हे मला दिसत होतं. वाक्य मधेच तुटायचं, पदर तोंडाशी जायचा... मी एकदाही म्हटलं नाही की बाई, काही दिवस राहू द्या. एक रविवार बुडाला तर पोर मागे पडेल, एवढंच मला कळत होतं.

बाईंच्या पुण्यानुमोदनाची, म्हणजे त्यांच्या स्मरणाच्या कार्यक्रमाची पत्रिका घरी आली. प्रज्ञाने ती मनातल्या मनात वाचली, मग पुन्हा वाचली.

"आई, यात 'अल्पशा आजाराने' लिहिलं आहे. बाई तं कितीक दिवसांच्या खोकलून राहिल्या होत्या. मग अल्पसा काहून?"

वर्षभर मी ज्याची वाट बघत होते ते हेच होतं. वाचलेलं तिला समजलं होतं, न लिहिलेलंही समजलं होतं... आणि मला तिच्याकडे बघवेना.

"बाईंचा आजार मोठा होता, तुले माहीत होतं?" तिने विचारलं.

"होतं," मी म्हटलं. "तुह्या काळजीनं मी गप्प राहिली."

प्रज्ञाने पत्रिका घडी करून आपल्या पुस्तकात ठेवली. कार्यक्रमाच्या दिवशी लाखनीला सगळे जेवत असताना ती दिसेना. छपरीत जाऊन पाहिलं, तर बाईंच्या खुर्चीपुढे खाली बसून ती पुस्तक वाचत होती. ओठ हलत नव्हते. पान उलटायच्या आधी ती थांबली, बराच वेळ. मी दारातच उभी राहिले. घाई केली नाही.