फोटोतली मागची वाट

माझा जुना कॅमेरा फोटो काढताना ‘खटाक्’ असा आवाज करायचा. दापोरा या आमच्या गावी घराच्या ओट्यावर बसून चिमणीचा फोटो घ्यावा, तर चिमणी भुर्रकन उडायची आणि गोठ्यातली म्हैस मान वळवून माझ्याकडे बघायची. तो आवाज आतल्या आरशाचा. बटण दाबलं की आरसा वर उचलला जायचा, क्षणभर डोळ्यापुढे अंधार, आणि मग तो पुन्हा जागेवर. वर्षानुवर्षं ते धूड माझ्या उजव्या खांद्यावर लटकत होतं, आणि एक दिवस खांद्याने हात टेकले. वेणी घालता येईना, शाळेत फळ्याच्या वरच्या ओळीत लिहिता येईना. डॉक्टर म्हणाले, वजन उचलणं बंद. मी म्हटलं, मग प्रवासाला काय रिकाम्या हातानं जाऊ? ते म्हणाले, लोक जातातच की. अशा माणसांशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

हलका कॅमेरा घे, हे आमच्या ह्यांनी सुचवलं. हे म्हणजे माझे यजमान, केळीचे शेतकरी. त्यांनी जन्मात एक फोटो काढलेला नाही, आणि काढून घ्यायचा म्हटलं तर पोलिसांनी उभं केल्यासारखे उभे राहतात. पण कुठून तरी ऐकून आले होते. म्हणाले, “तो बिनआरशाचा कॅमेरा येऊन रायला ना आता, तो घे. पोरीला विचार. खांदा काही बाजारात भेटत नाही.”

इंदूरला नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीने कॅमेरा निवडला, आणि तो मिररलेस घरी आला. हातात घेतला तर वाटलं, आतलं काही बसवायचं विसरले की काय. फोटो निघाला तरी आवाज नाही. चिमणी जागची हलली नाही, म्हशीलाही पत्ता लागला नाही. मला मात्र त्या शांततेत उगाच चोरी केल्यासारखं वाटत राहिलं.

माझं माहेर कागद कारखान्याच्या कॉलनीतलं. वडील नोकरीसाठी महाराष्ट्राची हद्द ओलांडून इकडे आले आणि इथलेच झाले. सुट्टी लागली की आईने दशम्या बांधायच्या, वडिलांनी होल्डॉल आवळायचा आणि आम्ही स्टेशन गाठायचं, ही लहानपणापासूनची सवय. पायाला भिंगरी ती तेव्हापासूनची. आणि सासर मिळालं केळीच्या बागेत! कारखान्याला सुट्टी असते, केळीला नसते. पाणी, खत, बुडाशी फुटलेली पिलं काढणं, झाडाने घड टाकला की त्याला टेकू देणं. उन्हाळ्याच्या शेवटी वारा सुटला की उभी बाग एका रात्रीत आडवी होते, म्हणून तेव्हा तर घराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही. लग्नानंतर आम्ही दोघं एकदाच नाशिकला गेलो होतो. परत आलो तर विहिरीवरची मोटर जळालेली आणि बाग सुकायला लागलेली. हे बांधाबांधाने फिरून एकेक झाड बघून आले. मग म्हणाले, “तू फिर. मी घरी थांबतो. आल्यावर मला दाखव.”

तेव्हापासून मी शाळेतल्या दोन शिक्षिका मैत्रिणींबरोबर सुट्ट्यांमध्ये फिरते, आणि आल्यावर ह्यांना दाखवते. आमचा तो एक सोहळाच असायचा. संध्याकाळी पेनड्राइव्ह टीव्हीला लावायचा, चहा मांडायचा, आणि हे खाटेवर मांडी घालून बसायचे. रिमोट त्यांच्याच हातात. मी उत्साहाने सांगत असायची, हे देऊळ, हा धबधबा, ही मी. हे ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, “हे मागं काय हाये?”

“मागं कुठं?”

“हे, तुझ्या खांद्याच्या वरतून. वाल लावेल दिसते.”

मी देवळाबद्दल बोलतेय आणि ह्यांचं लक्ष मागच्या वालाच्या वेलावर! मी चिडवायची, “अहो, बायको एवढी नटूनथटून उभी आहे, तिच्याकडेही बघा.” ते म्हणायचे, “तुला रोजच पाह्यतो.” मी रुसून आत जायची. भाजी फोडणीला टाकून परत यावं, तर टीव्हीवर तोच फोटो आणि हे आपले त्याच्यात हरवलेले. मला वाटायचं, ह्यांना माझ्या प्रवासात काही गोडी नाही, बिचारे कर्तव्य म्हणून बघतात.

नवा कॅमेरा आला तेव्हा मुलगी चार दिवस सुट्टी घेऊन आली होती. तिने माझे जुने फोटो बघून नाक मुरडलं. “मम्मी, यार, मागे किती कचरा दिसतो तुझ्या फोटोत! खांबे, तारा, लोक, खेत. बॅकग्राउंड उडव ना.” मग तिने मला नवी लेन्स लावून दिली आणि तिच्यावरचे आकडे समजावले. आकडा लहान ठेवला की समोरचा माणूस लख्ख आणि मागचं सगळं धूसर. मोठा ठेवला की पुढचं-मागचं सारंच स्वच्छ. मी सगळ्यात लहान आकडा लावला आणि डोळा टेकवला. खरं सांगते, मोहून गेले. तुळशीचं एक पान तेवढं जागं होतं, बाकी अंगण, गोठा, रस्ता, सगळं झोपेत पाहिल्यासारखं विरघळून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी बागेत गेले. केळीच्या बागेत दुपारी जो उजेड असतो तो बाहेर कुठे नसतो. ऊन पानांतून गाळून येतं आणि हिरवं होऊन अंगावर पडतं, ठिबकचं पाणी मुळाशी हळू मुरत असतं, आणि माणूस आपोआप हलक्या आवाजात बोलायला लागतो. त्या उजेडात हे एका घडाला टेकू देत होते. मी आवाज न करता फोटो काढला. ह्यांना कळलंच नाही, त्यामुळे पहिल्यांदाच चेहरा मोकळा आला. कपाळावरचा घाम, पांढऱ्या मिश्या, सगळं स्पष्ट, आणि मागे नुसता हिरवा रंग.

मी हरखून त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, “चांगला हाये. पण माझं शेत कुठं गेलं?”

मी पोट धरून हसले. मुलीला सांगितलं, तीही हसली. तो फोटो तिने घरच्या ग्रुपवर टाकला आणि कौतुकाचा पाऊस पडला. दीर, जावा, बहादरपूरची नणंद, सगळ्यांनी वाहवा केली. मी काही दिवस जमिनीवर नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघी हंपीला गेलो. तिथे पडक्या देवळांच्या मधूनमधून, नदीकाठाने, केळीच्या बागा आहेत. त्या दिसताक्षणी माझ्या मनात आलं, ह्यांना दाखवायला हव्यात. मी मैत्रिणींना बागेसमोर उभं केलं, मैत्रिणींनी मला उभं केलं. परत आल्यावर पेनड्राइव्ह लावला. चहा मांडला. हे खाटेवर बसले.

टीव्हीवर माझी मैत्रीण आली. पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा इतकी स्पष्ट.

“हे हिरवं काय हाये मागं?”

“केळी! अहो, हंपीला केळीच केळी.”

हे ताठ बसले. “कोन्ती? आपल्यासारखी बुटकी का उंच? घड कशे हाये?”

ह्यांनी पुढचा फोटो लावला. हिरवं. त्याच्या पुढचा. पुन्हा हिरवं. दहा पावलांवरून पाहिलेली केळी, पण उंच होती की बुटकी, मला आठवेना. मी तिथे आकड्याकडे बघत होते, धूसर किती छान येतंय ते बघत होते. ह्यांनी आणखी दोन फोटो पाहिले आणि रिमोट खाली ठेवला. “चांगले आले फोटो,” म्हणाले, “जरा मोटर पाहून येतो.” शेतातली लाइट तेव्हा आलेलीच नव्हती. ते मलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही.

पुढे एका रविवारी दुपारी मी शाळेच्या वह्या तपासून ओट्यावर आले, तर हे खाटेवर आडवे पडून मोबाइलमध्ये काही बघत होते. माझाच जुना फोटो होता, हिमाचलचा. आम्ही तिघी बर्फाकडे पाठ करून उभ्या आहोत तो. पण ह्यांनी तो दोन बोटांनी इतका मोठा केला होता की आम्ही तिघी केव्हाच कडेच्या बाहेर गेलो होतो. पडद्यावर फक्त मागचा उतार होता.

“काय बघताय?”

ते चोरी पकडल्यासारखे दचकले. “काही नाही. जरा फिरून रायलो.”

मी खाटेच्या काठावर बसले. हे आधी लाजले, मग बोटाने वाट दाखवायला लागले. “हे पाह्य. इथून निघायचं. हा दगडाचा बांध. ह्याच्या बाजूनं खाली उतरलो की पाण्याचा पाट लागतो. पाणी लई थंड असंल. मंग हे घर. इथं एक म्हातारी दारात बसते, तिला रामराम घातला की ती काही बोलत नाही, नुसती हसते. घराच्या मागं पांढरा बैल बांधेल हाये. मी बैलापर्यंतच जातो. तिथून वापस.”

म्हातारी फोटोत नव्हतीच, दाराशी नुसती सावली होती. आणि पांढरा बैल म्हणजे कापड घालून उभी केलेली मोटारगाडी होती, मी ती तिथे पाहिलेली. मी बैलाला बैलच राहू दिलं. केळीची पानं लांबवर हलत होती, हे त्या उतारावर चालत होते, आणि मला एकदम रडू फुटलं. इतकी वर्षं हा माणूस माझ्या फोटोंच्या मागच्या बाजूने हिंडून आला होता. तोच त्याचा प्रवास. त्याला दुसरा नव्हता. आणि मी कचरा म्हणून तो पुसून टाकला होता.

“मग मला सांगायचं नाही का?” मी डोळे पुसत विचारलं.

“नव्या कॅमेऱ्यानं तुझा खांदा बरा झाला ना,” हे म्हणाले, “मंग काय सांगू?”

मी चहा टाकायला उठले.

यंदा मे महिन्यात आम्ही कुमाऊँच्या डोंगरात गेलो. निघताना माझा पाय निघत नव्हता, कारण वाऱ्याचे दिवस होते. ह्यांनीच ढकललं. तिथे पोहोचल्यावर पहिल्याच सकाळी मैत्रिणी झोपेत असताना मी शाल गुंडाळून बाहेर पडले. खाली पायऱ्या-पायऱ्यांची शेतं, त्यांच्यात पिकलेला गहू, आणि सगळ्यावर विरळ धुकं. मी लेन्सचा आकडा अकरावर नेला. समोर कोणाला उभं केलं नाही. फोटो काढला, तिथल्या तिथे मोबाइलवर घेतला आणि ह्यांना पाठवला.

थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. मागे बागेतला वारा ऐकू येत होता. “अरे वा, तिकडं गहू अजून उभा! आपला तर होळीलाच निघाला. हे पाह्य, मी डावीकडच्या पायवाटेनं उतरलो. खाली लाकडाचं फाटक हाये. तिथं थांबलो. पुढं फोटो सरला.”

मी सावरत, घसरत त्या पायवाटेने खाली गेले. खरंच फाटक होतं. त्याच्या पलीकडचा फोटो काढून पाठवला. “हाव, हाव,” त्यांचा आवाज आला, “आता झऱ्याच्या अंगानं.” मी झऱ्याच्या अंगाने गेले. मग एका घरामागून, मग तिथल्या बुरांश नावाच्या झाडांखालून. प्रत्येक ठिकाणी फोटो संपायचा आणि ते कडेवर उभे राहून विचारायचे, पुढं काय हाये. मी पुढे जायची आणि फोटो पाठवायची. धुकं उतरत होतं की आम्हीच त्याच्याबरोबर उतरत होतो, कळत नव्हतं. त्यांच्या आवाजाला कधी वाऱ्याची सळसळ लागायची आणि मला वाटायचं, ती इथल्याच गव्हातून येतेय.

खूप खाली एक मोठं अक्रोडाचं झाड लागलं. त्याच्या सावलीत सपाट दगड होता. मी त्याचा फोटो पाठवला आणि पुढची वाट कुठे जाते ते बघू लागले.

या वेळी आवाज यायला जरा उशीर झाला.

“आता बस कर,” हे म्हणत होते. “लई उतरली तू, आता चढायचं हाये. खांदा दुखत असंल. त्या दगडावर बस जराशी. मी बसून घेतलं.”

वर मैत्रिणी चहासाठी हाका मारत होत्या. मी कॅमेरा गळ्यातून काढून मांडीवर घेतला आणि दगडाच्या एका कडेला सरकून बसले.