आभाळाचा बीपी

आमच्या निलंग्याकडं पायाकडून जन्मलेल्या माणसाला पायाळू म्हणतात, आणि पायाळूवर वीज पडते असं समजतात. आभाळ गडगडलं की पायाळूला घरात घेतात, बाजेवर बसवतात, पाय भुईला लागू देत नाहीत. माझी सून पायाळू आहे. सोयरीक जमताना तिच्या माहेरच्यांनी काही सांगितलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा गडगडलं तेव्हा ती आपणच बाजेवर चढून बसली, मग कळलं.

माझ्या बायकोनं ते लई मनावर घेतलं. सुनेला पावसाळी दिवसात रानात जाऊच द्यायची नाही. दोन वर्षांमागं सोयाबीनची गंजी लावलेली आणि परतीचा पाऊस उठला. सून ताडपत्री घेऊन निघाली तर बायकोनं तिच्या हातातून ती ओढून घेतली. "तू बस घरात, पायाळू हायस. मी टाकून येते." ती टाकून आली नाही. गंजीपाशीच वीज पडली तिच्यावर. ती पायाळू नव्हती.

मी चौथी शिकलेला माणूस. वीज कशानं पडते हे मला सांगता येणार नाही. पण तेव्हापासून आभाळाकडं बघायची हिंमत राहिली नाही, आणि न बघताही राहवत नाही. कुठं ट्रॅक्टरची ट्रॉली आदळली तरी उठून अंगणात येतो. सून रानात असली की मी दारात उभा. जेवण जात नाही.

पोरगा नांदेडला कामाला आहे. सुट्टीला आला तेव्हा म्हणाला, "आबा, घरावर लावायचं हवामानाचं मशीन मिळतंय. बघत बसा, तुमचा टाइमपास होईल." टाइमपास म्हणाला तो. फोनवर त्यानं पाच-सहा दाखवली. एक नुसतं ऊन सांगणारं होतं, ते नको म्हणलं. ऊन मला अंगालाच कळतं. एक सगळं फोनवरच दाखवणारं, तेही नको, माझं बोट फोनवर भलतीकडंच जातं. मला वारा, पाऊस, ओलावा आणि हवेचा दाब सांगणारं पाहिजे होतं, आणि आकडे चष्म्याशिवाय दिसतील एवढे मोठे. तसं एक सापडलं. वरचा भाग छतावर, आकड्यांची पाटी घरात भिंतीला.

पहिल्यांदा आम्ही ते पत्र्यावरच ठोकलं. पत्रा तापला की मशीन असं ऊन दाखवायचं की त्या उन्हात माणूस जगणारच नाही. मग पाइप उभा करून वर चढवलं. वारा मोजायच्या वाट्या गरगर फिरायला लागल्या तसा शेजारी ओरडला, "आबा, कावळ्यांना पंखा लावलाव काय?"

"कावळ्यांना न्हाई, तुला लावलाय. लई तापतोस."

दाब म्हणजे काय ते पोरानं सांगितलं. हवेचा दाब उतरला की वादळ यायची खूण. मी म्हणलं, म्हणजे आभाळाचा बीपी. गावात तेच नाव पडलं. पारावर कुणी ना कुणी विचारायचंच, "आबा, आज बीपी किती?"

त्यांची मजा व्हायची, माझा जीव जायचा. कारण बीपी रोज उतरायचा. सकाळी बरा असायचा, जेवणं झाली की आकडा खाली सरकायला लागायचा. मी सुनेला म्हणायचो, "आज रानात जायचं न्हाई." ती थांबायची. पाऊस यायचा नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला वाटायचं आज टळलं, उद्या टळणार नाही. इकडं तण गुडघ्याला आलं. सुनेचा भाकरी थापायचा आवाज वाढला होता.

एक दिवस ती पाटीपुढं उभी राहून म्हणाली, "मामा, हे रोजच दुपारी उतरतंय. ढगाचं चिटपाखरू नसलं तरी. संध्याकाळी आपोआप चढतंय."

"मग?"

"मग काय? आभाळाला रोज दुपारी झोप येत असंल. तुम्ही उगंच भिऊलालाव."

पोराला फोन लावला. तो म्हणाला, तिचं बरोबर आहे, दाब रोज दुपारी थोडा उतरतोच, वादळाचं उतरणं वेगळं. हे आधी का सांगितलं नाहीस म्हणून मी त्याला दोन शिव्या घातल्या. मग मी ठरवलं की दुपारच्या उतरण्याला भ्यायचं नाही.

यंदा सोयाबीन कापून रानात पसरलेलं होतं. दुपारी आकडा उतरला. सुनेनं विचारलं, "जाऊ का? गोळा करून झाकते." मी म्हणलं, "जा. रोजचंच हाय." मीच म्हणलं.

ती गेली. मी पाटीपुढं बसलो. आकडा उतरायचा थांबेना. रोज जिथं टेकायचा त्याच्या खाली गेला. मग ओलावा चढला. मग एकाएकी उन्हाचा आकडाच खाली पडला, दार उघडून कुणी गार हवा सोडावी तसा, आणि छतावर वाट्या किंचाळायला लागल्या. बाहेर आलो तर औशाकडून आभाळ काळं-जांभळं होऊन चालत येत होतं.

फोन लावला. तिचा फोन घरातच चुलीपाशी वाजला.

कोपऱ्यात लोखंडी टोकाची लांब छत्री होती, ती उचलली आणि निघालो. ओढा कसा ओलांडला आठवत नाही. पाऊस आडवा मारत होता. एकच डोक्यात, की माझ्याच तोंडानं 'जा' म्हणलंय. बायकोला निदान मी 'जा' म्हणलं नव्हतं. बांधावर चढलो तर रान पांढरं दिसत होतं, माणूस कुठं दिसेना. मी हाका मारत राहिलो.

खालून आवाज आला, "मामा! छत्री टाका! टाका ती!"

सून रानाच्या खोलगट जागी उकिडवी बसली होती. पाय जुळवलेले, कानावर हात. बांधावर, उघड्यावर, लोखंडी टोक आभाळाला लावून मी उभा होतो. छत्री फेकली आणि घसरतच खाली गेलो.

"बसा. आडवं पडू नका. पाय जवळ घ्या. मला धरू नका, लांब बसा!"

"तुला कुणी शिकवलं हे?"

"बचत गटात सांगितलंय. गप बसा आता."

बसलो. डोळ्यांपुढं सगळं पांढरं झालं आणि आवाज छातीतून गेला. मला वाटलं झालं, गेली ही पण. माझे डोळे उघडेनात. उघडले तर ती तिथंच होती, ओठ हलत होते, काहीतरी म्हणत होती. मला ऐकू येत नव्हतं. नंतर कळलं वीज पलीकडच्या शिवारात पडली होती, माणूस-जनावर कुणाला काही झालं नाही.

पाऊस ओसरला तेव्हा ती आधी सोयाबीनकडं गेली. अर्धं झाकलं होतं, अर्धं भिजलं होतं. तिथंच उभी राहून ती रडली आणि रडता रडता माझ्यावरच ओरडली.

"तुम्ही कशाला आलाव? मी घरात बसले म्हणून आत्या गेल्या. आता मी रानात आले म्हणून तुम्ही जाणार होतात? मी पायाळू हाय म्हणून घरातली सगळी माणसं संपवायची काय मी?"

दोन वर्षं आम्ही एका घरात राहिलो. तिच्या मनात हे होतं, आणि मी नुसतं आभाळ बघत होतो. मी म्हणलं, "तुझ्यामुळं न्हाई गेली ती बाई. ताडपत्रीसाठी गेली."

घरी येताना तिनं दोन गोष्टी कबूल करून घेतल्या. फोन ती कंबरेला बांधून नेणार. आणि मी नुसते आकडे सांगायचे. 'जा' म्हणायचं नाही, 'जाऊ नको' म्हणायचं नाही. ते ती ठरवणार.

अवघड आहे. आज दुपारी तिनं अंगणातून विचारलं, "मामा, किती?" मी होता तो सांगितला. रोजच्यापेक्षा खाली होता, वारंही फिरलं होतं, तेही सांगितलं. पुढं 'जाऊ नको' तोंडात आलेलं होतं, ते गिळलं आणि दाराची चौकट धरून उभा राहिलो. तिनं आभाळाकडं बघितलं, हातातला विळा वळचणीला खोचला आणि सूप घेऊन तूर निवडायला बसली.