पाच पुरुष दोर

लंगर पाण्यात सुटला की मामा दोराला दोन बोटं लावून बसायचे. अगदी हलकेच, वैद्य नाडी पाहतो तशी. डोळे मिटलेले. तेवढा वेळ नावेत कुणी खोकलेलंही त्यांना चालत नसे. मग डोळे उघडून म्हणायचे, "धरला." त्यानंतरच आम्ही हालचाल करायची.

"आणि नाही धरला तर?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"तं मंग भ्याचं," ते म्हणाले. "जो भेला तो वाचला, बाबू."

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरच्या पश्चिमेला ज्या तलावाचं पाणी शहर पीत होतं, त्यात गाळ किती साचला हे मोजायचं काम आमच्या खात्याकडे आलं होतं. मी तिथे नवाकोरा ओव्हरसियर, तोही टेम्पररी. नाव ठरलेल्या जागी उभी करायची, दोरीला बांधलेलं शिसं तळाशी सोडायचं, खोली वहीत लिहायची, पुढच्या जागी जायचं. नोकरीच्या फॉर्मवर 'पोहता येते काय?' असा रकाना होता. मी बेधडक 'होय' लिहिलं. मी नागपुरातल्या महाल भागातला माणूस, पाण्याशी माझी ओळख नळाच्या तोटीपुरती. पण वडील घरी बसलेले, पाठीवर दोन बहिणी. त्या रकान्यात दुसरं काही लिहिण्याची सोय नव्हती.

मामा म्हणजे सगळ्यांचेच मामा; कन्हान नदीकाठचे, जातीचे ढीवर, नावेवर आणि जाळ्यावर जगणारे. पन्नाशी उलटलेली, अंगात खादीची बंडी, पायात काही नाही. नाव त्यांच्या ताब्यात होती आणि त्या तलावावर त्यांच्याइतका भित्रा माणूस दुसरा नव्हता. सकाळी आल्या आल्या ते दूरच्या वीटभट्टीचा धूर कुठे झुकतो ते पाहायचे. धूर त्यांना पटला नाही तर तासभर नाव सुटायची नाही. नावेत कुणी उभं राहिलं की त्याच्या धोतराला धरून खाली बसवायचे, मग तो साहेब का असेना. मजूर हसायचे. मीही हसायचो, कारण त्यांच्या भीतीआड माझी भीती छान लपत होती.

लंगर निवडायचा दिवस मला लख्ख आठवतो. स्टोअरच्या अंगणात तीन लंगर मांडलेले. आमचे साहेब, म्हणजे इंजिनियर, घाईत होते. "सगळ्यात जड तो उचला आणि चला," ते म्हणाले.

मामा उकिडवे बसले. एकेका लंगरावरून हात फिरवला. "जड म्हणून नाई धरत, साहेब. जड तं धोंडा बी हाय. आधी तळ पाहू द्या."

साहेबांनी कपाळावर हात मारला. पण मामांनी तळ पाहिलाच. शिशाच्या बुडाला मेण फासायचे, ते तळावर टेकवून वर ओढायचे आणि मेणाला काय चिकटलं ते बोटांनी चोळून बघायचे. तलावाच्या मध्यावर काळा चिखल निघाला. सांडव्याकडे, म्हणजे तलाव भरला की जिथून जादा पाणी बाहेर पडतं त्या भिंतीकडे, मुरूम आणि गोटे. चिखलासाठी त्यांनी स्टोअरमधला रुंद फाळांचा लंगर घेतला. गोट्यांसाठी दुसऱ्या दिवशी घरून आपला स्वतःचा आणला. विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ तुम्ही पाहिला असेल, त्याचाच थोरला भाऊ. चार आकडे, प्रत्येक बोटाएवढ्या सळईचा.

"एवढ्या बारीक सळया का?" मी विचारलं.

"गोट्यात फसला अन् निघतच नसला तं जोर लावला का सळई वाकते, अन् सुटते. जो लंगर सोडता येत नाई तो काय कामाचा?"

आणि त्यांचा कायदा एकच. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक पुरुष. पाणी जितके पुरुष खोल, त्याच्या पाचपट दोर सोडायचा. आणि तो नावेच्या नाकालाच बांधायचा, मागे कधीच नाही. "दोर लांब असला का लंगर आडवा ओढल्या जाते, तळात घुसते. आखूड असला का वर उचलल्या जाते. मंग तो लंगर नाई, लटकन होय."

कायदा चांगला होता, पण माझ्या वहीचं वाटोळं करणारा होता. लांब दोरावर नाव वाऱ्याबरोबर पंचवीस-तीस हात इकडेतिकडे फिरायची. आज एका जागी तेरा फूट, उद्या त्याच जागी साडेपंधरा. साहेबांनी वही लाल शाईने रंगवून परत केली. "नाव एका जागी ठेवता येत नसेल तर दुसरा माणूस बघतो," म्हणाले. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

हस्त नक्षत्र लागलं होतं. तलाव काठोकाठ, सांडव्यावरून वीतभर पाणी वाहत होतं आणि पलीकडे खाली खडकावर आपटत होतं. त्याचा आवाज नावेतही येत होता. त्या दिवशी नावेत मामा आणि मी दोघंच, आणि आमची जागा सांडव्याजवळची. मामांनी धूर पाहिला, आभाळ पाहिलं. "आज नको, बाबू."

"आज झालंच पाहिजे," मी म्हणालो. जागेवर पोचल्यावर त्यांनी चार आकड्यांचा लंगर सोडला, दोन पुरुष पाण्याला दहा पुरुष दोर सोडला. नाव झुलायला लागली. मी म्हणालो, "मामा, दोर कमी करा. नाव हलता कामा नये."

"नाई."

"मी सांगतो म्हणून करा."

"बाबू, हे नाई होत."

मग मी ते बोललो. "तुम्ही भित्रे आहात, मामा. सगळा तलाव तुम्हाला हसतो."

मामांनी दोर हातावर गुंडाळत तीन पुरुषांवर आणला, नाकाला बांधला आणि दोन बोटं लावून बसले. नाव खरंच जागची हलेना. मी खुशीत त्याच जागेच्या चार नोंदी केल्या. पाचवीला पेन्सिल लावली तेव्हा मामा म्हणाले, "चालला."

मला कळलं नाही. मग पाठीवर वारा आपटला आणि मी वहीतून मान वर केली. सांडव्याची भिंत जवळ आली होती. आम्ही तिच्याकडे जात होतो. वही केव्हा पाण्यात पडली ते कळलं नाही.

मामांनी गाठ सोडली आणि दोर धावत जाऊ दिला, सगळाच्या सगळा. तळहाताची साल निघाली. शेवटचा वेढा नाकाला पडला. नाव तरीही सरकत होती, थांबून थांबून, दर वेळी एक हिसका. खडकावरच्या पाण्याशिवाय मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं. "इकडं या," ते म्हणाले. "बसून या. बोटं लावा."

मी रांगत गेलो, बोटं लावली. दोर थरथरत होता. गोट्यावरून लोखंड घासतं ते बोटांत कळत होतं. थरथर, थांब. थरथर, थांब. मग एक मोठा झटका, आणि दोर तारेसारखा ताणून गप्प झाला.

"काय म्हणते?" मामांनी विचारलं.

"धरला," मी म्हणालो, आणि रडायला लागलो.

भिंत वीस हातांवर होती. वारा पडेपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो, दोघांची बोटं दोरावर. मी म्हणालो, "मामा, मला पोहता येत नाही."

"मालूम हाय. पयल्या दिवशी नावेत बसतानी तुमी पाण्याकडं पायलंच नाई." मग थोड्या वेळानं, "मले येते पोहता. माह्या भावाले बी येत होतं."

भाऊ कन्हानच्या पुरात गेला होता. लंगर नावेच्या मागच्या अंगाला बांधलेला, धारेचं पाणी मागून आत आलं आणि नाव बुडाली. "म्या बांधला होता," मामा म्हणाले. "गावात सांगतलं, भावानंच बांधला होता म्हणून. मेल्या माणसाले काय, तो कुठं बोलून राहिला?"

काठावर साहेब उभे होते. त्यांनी बांधावरून सगळं पाहिलं होतं. "दोर कोणी आखडला?"

मी तोंड उघडलं. बहिणी दिसल्या, तो रकाना दिसला. सांडव्यापुढे वाटली त्याहून जास्त भीती मला त्या क्षणी वाटली.

"म्या आखडला, साहेब," मामा म्हणाले. "चुकलं."

मी तोंड मिटलं.

मामांना नावेवरून काढून तलावाकाठच्या बागेत झाडांना पाणी घालायला लावलं. ते झारी घेऊन फिरायचे आणि मी दिसलो की, "धूर पायला का, बाबू?" एवढंच विचारायचे. दुसरा शब्द नाही. महिनाभरात गावी निघून गेले, आपला लंगर खांद्यावर टाकून. त्याच वर्षी मी पर्मनंट झालो.

त्यांच्या गावी जायला मला अकरा वर्षं लागली. कामं होती असं मी सांगत आलो. खरं म्हणजे धीर होत नव्हता. गेलो तेव्हा मामा नव्हते, पोळ्यालाच वारले होते. त्यांची सून अंगणातल्या विहिरीवर उभी होती. बादली आत पडली होती आणि ती गळ टाकून ती शोधत होती. चार आकडे, त्यातला एक सरळ झालेला. मी ओळखला.

"कोण होय तुमी?"

"नागपूरचा. मामांसोबत नावेत होतो."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ज्यायले पोहता येत नाई, ते बाबू? सासरेबुवा लय सांगत होते तुमचं." मग दोराकडे वळून म्हणाली, "त्यायच्या हातून एक डाव दोर आखूड झाला म्हणे, म्हणून नावेवरून काढलं. हे गावातले अजून बोलतेत. एवढा भेणारा माणूस, अन् असा कसा चुकला?"

मी दोराला बोटं लावली. खाली लोखंड दगडावर घासत होतं.

"ते चुकले नव्हते," मी म्हणालो. "दोर मी कमी करायला लावला."

तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली नाही, तेवढं त्या दिवशी जमलं. मग डोक्यावरचा पदर सारखा करून तिनं शेजारच्या घरातल्या म्हातारीला हाक दिली.

"आत्याबाई, इकडं या वं. हे बाबू काय म्हणून राहिले ते ऐका."

मला म्हणाली, "दोर सोडू नका. अन् आता तिच्यापुढं सांगा."