नागपूरचं वेळापत्रक घेऊन रायपूरच्या कॉलेजात

राज्य नवीन होतं, मी कॉलेजात नवीन होतो आणि इंटरनेट आम्हा दोघांनाही नवीन. बी.ए.च्या विषयांचा फॉर्म चुकला तर वर्ष वाया जाणार होतं, म्हणून मी सदर बाजारातल्या सायबर कॅफेत बसून अख्खा अभ्यासक्रम शोधून काढला. अर्थशास्त्र, इतिहास आणि ज्याच्यासाठी जीव टाकत होतो ते मराठी साहित्य. तासांचं वेळापत्रकसुद्धा छापून घेतलं. बाकीची पोरं रांगेत उभी राहून एकमेकांना विचारत होती, त्यांची मला कीव आली.

शेवटच्या दिवशी कॉलेजातल्या फॉर्मच्या खिडकीतल्या दीदींनी माझे कागद नीट वाचले.

"हव, बहुत बढ़िया बनाया है भैया. पर ये तो नागपुर का है. हमारे यहाँ मराठी है ही नहीं."

आमच्या घरात लोणच्याच्या मसाल्यापासून सुनेपर्यंत सगळं नागपूरहूनच यायचं. त्यामुळे संगणकावर नागपूर दिसलं, तेव्हा मला काही खटकलंच नाही. दीदींनी आमच्या कॉलेजचं पान उघडून पडदा माझ्याकडे फिरवला. विषयांचे गट तिथे स्वच्छ लिहिलेले होते. ज्या गटात जागा उरली होती, त्यात भूगोल होता. मी तिथेच खाडाखोड करून फॉर्म दिला.

घरी बाबा पेपर वाचत होते.

"काय रे, भेटलं का मराठी?"

"नाही. भूगोल घेतला."

बाबांनी पेपर खाली केला नाही. "बरं केलं. नागपूर इथून किती दूर आहे, थे तरी समजन तुले."