मेहंदीचा हिरवा तागा

इस्रायलमधल्या लोद गावात, आम्हा भारतातून आलेल्या ज्यूंच्या वस्तीत, आमच्या रस्त्यावर कापडाचे एकच दुकान होते, आणि ते बंद पडू देणे हा माझ्या मते आम्हा सर्व रहिवाशांचा सामुदायिक अपराध ठरला असता. नव्वदचे दशक सरत आले होते. गावाबाहेर नवा कन्यॉन उघडला होता. कन्यॉन म्हणजे काचेचा, गारेगार, मजल्यावर मजले चढवलेला बाजार. तिथल्या एका दुकानात मी चार वार पॉपलीन मागितले, तेव्हा विक्रेत्या मुलीने मला पिशवीतला तयार शर्ट दाखवला. मला कापड हवे आहे, शर्ट नको, असे मी पुन्हा बजावले. तिने तोच शर्ट निळ्या रंगात दाखवला. घरी येऊन मी व्यवस्थापकाला सविस्तर पत्र धाडले. त्याचे उत्तर आजतागायत आलेले नाही, हे इथे नमूद करून ठेवतो.

आमच्या दुकानाची मालकीण पेणकडची. तिचा नवरा वारल्यावर दुकान तिने एकटीने चालवले. काउंटरवर पितळी पट्टी ठोकलेली होती, तरी ती माप घ्यायची नाकाच्या शेंड्यापासून ताणलेल्या हाताच्या बोटांपर्यंत, आणि ते नेहमी गिऱ्हाइकाच्या फायद्याचे भरायचे. मग कडेला कात्रीची एक चीर, आणि दोन्ही हातांनी कापड असे फाडायची की त्या फर्रर्र आवाजाने माझ्यासारख्या संतापी माणसाचेही अंतःकरण निवावे. तरुणपणी मी मुंबईत सॉलिसिटरच्या कचेरीत कारकून होतो. तेवढ्यावरून तिने मला वकीलसाहेब करून टाकले होते. त्यात आदर किती आणि टवाळी किती, याचा निवाडा मी कधी मागितला नाही.

तर एके दिवशी तिने मला सांगितले की पेसाहचा वसंतातला सण झाला की ती दुकानाची किल्ली जागामालकाच्या हवाली करणार आणि किर्यात गात या गावी मुलीकडे राहायला जाणार. हल्ली कोणी शिवत नाही, म्हणाली. मी तिला तिथल्या तिथे आश्वासन दिले की मी सर्व संबंधितांना पत्रे लिहीन.

"वकीलसाहेब, दुकानाला गिऱ्हाईक लागतं. तुमची पत्रं मापून फाडता येत नाहीत."

हा घाव मला लागला. सुदैवाने त्याच सुमारास माझ्या नातीचे लग्न ठरले होते, मुलगा मोरोक्कन घराण्यातला, आणि मेहंदीचा मुख्य यजमान या नात्याने काही अधिकार माझ्या हाती होते. मी आमंत्रणासोबत एक परिपत्रक जोडले. कलम एक: मेहंदीला येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर निदान एक वस्त्र आमच्या रस्त्यावरच्या दुकानातील कापडाचे असावे. कलम दोन: ते शिवलेले असावे, तयार विकत घेतलेले नसावे. कलम तीन: भारतातून आणलेल्या जुन्या साड्यांना सूट राहील. बायकोने वाचून कपाळावर हात मारला. नातीने "साबा, दाय," म्हणजे आजोबा, पुरे, असे म्हटले, आणि तरीही सासरच्यांसाठी त्याचे हिब्रू भाषांतर मुकाट्याने करून दिले.

पुढचे सारे आठवडे मी दुकानासमोरच्या बाकावर बसून टेहळणी केली. बायका दुकानात जात होत्या, पिशव्या घेऊन बाहेर येत होत्या, आणि पिशव्या छातीशी धरून लगबगीने निघून जात होत्या. प्रत्येकीला आपले कापड गुपित ठेवायचे होते, हे मला दिसत होते. कायदा पाळला जात असल्याचे पाहून होणारा आनंद ज्यांनी अनुभवला नाही, त्यांना माझी त्या बाकावरची अवस्था समजायची नाही.

मेहंदीच्या संध्याकाळी मी हॉलच्या दारात उभा राहिलो. माझ्या अंगात बायकोने शिवलेला शर्ट होता, हिरव्या पॉपलीनवर बारीक पिवळ्या कोयऱ्या. पहिली आली माझी बहीण. तिचा ब्लाउज हिरवा, पिवळ्या कोयऱ्यांचा. तिने माझा शर्ट पाहिला आणि तोंड फिरवले. मागोमाग माझे दोन भाचे, दोघांचे शर्ट तेच. मग झगे, परकर, जाकिटे, एका तान्ह्या बाळाचे टोपडे. आमच्यात मेहंदीला हिरवेच हवे, हे प्रत्येक घराने आपापल्या मनाने ठरवले होते, आणि दुकानात हिरवा तागा एकच होता. ढोलकीवाल्यानेही ढोलकीला त्याच कापडाचा अभ्रा घातलेला. शेवटी मोरोक्कन व्याही मंडळी आली. विहीणबाईंनी नातीला आधीच विचारून घेतले होते की तुमच्याकडे रंग कोणता चालतो. त्यांचा पायघोळ झगा दारातून आत येताच माझी बहीण खुर्चीवरून हसत खाली घसरली, आणि तिला उठवायला गेलेली माझी बायको तिच्याच शेजारी जमिनीवर बसली. कोणाचा हात कुठला, कोयऱ्या कोणाच्या, काही कळेना. मलिद्याची ताटे धरलेल्यांनी ती भीतीने खाली ठेवली. मीही हसलो, इतका, की नातीने मला पाणी आणून दिले.

या साऱ्या हिरवळीत दुकानवाली बाई आली ती निळ्या नायलॉनच्या झग्यात. तो इथल्याच कन्यॉनमधून तयार घेतलेला दिसत होता. मी भान सावरून तिला कलम एक आणि दोन या दोहोंच्या उल्लंघनाची जाणीव करून दिली.

"काय करू?" ती म्हणाली. "माल संपला. माझ्यापुरतंसुद्धा उरलं नाही."

"आणि सगळ्यांना तेच देताना तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत?"

"तुम्ही कलमात रंगाचं काही लिहिलं नव्हतं, वकीलसाहेब."

एवढ्यात विहीणबाई आमच्याकडे आल्या. त्यांच्या भाचीचा हेन्ना, म्हणजे त्यांच्याकडची मेहंदी, पेसाहनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या शावुओतच्या सणानंतर होता, आणि साऱ्या कुटुंबाने असेच एका कापडात यायचे, हे त्यांनी उभ्या उभ्या ठरवून टाकले होते. त्यांना हाच हिरवा हवा होता, भरपूर. दुकानवालीने हिशेब करावा तशी बोटे मिटली, उघडली, आणि पेसाह अगदी तोंडावर असताना शावुओतनंतरचा वायदा देऊन टाकला.

मग ती माझ्याकडे वळली. "तेल अविवच्या घाऊकवाल्याला एक पत्र लिहा. फोनवर तो मला फसवतो, तुम्हाला घाबरेल."

आयुष्यभर मी पत्रे लिहिली, पण कोणी आपणहून सांगितलेले हे पहिलेच. मी तिथेच आमंत्रणाच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसलो. तिने खांद्यावरून वाचले, माझा पहिला परिच्छेद खोडायला लावला, मग दुसराही. उरली ती एकच ओळ: हाच हिरवा, दोन तागे, लवकर.